ग्रहण दिसेल तिथलं पाळायचं

प्रश्न : आम्ही मूळचे बेळगावच्या शहापूरचे, आता लंडनजवळ राहतो. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले आहेत. सासूबाईंचं सोवळंओवळं फार नाही, पण संकष्टी, ग्रहण आणि सौंदत्तीच्या यल्लम्माची पौर्णिमा चुकत नाही. परवा जेवताना तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, "आज्जी, सायन्स कळणारी माणसं हे कसं मानतात?" सासूबाई "काय विचारूलंय बघ हे पोर" म्हणून गप्प झाल्या. नवरा म्हणाला, "मानत नाहीत." पुढचं जेवण कुणालाच गेलं नाही. देव मानणारा माणूस मोकळ्या मनाचा असू शकतो का? मुलीला काय सांगू?

उत्तर : असू शकतो. पण "देव मानतेस का" असं विचारून ते कळत नाही. "हे खोटं ठरलं तर तू काय करशील" असं विचारलं की कळतं, आणि हा प्रश्न आज्जीला जितका लागू तितकाच तुमच्या यजमानांनाही.

मुलीला आधी एवढंच शिकवा, की घरातल्या रीती दोन जातींच्या असतात. "आरती केली की दिवस बरा जातो" हे आज्जीचं स्वतःबद्दलचं सांगणं आहे, त्यात तपासायला काही नाही. "ग्रहणात भाजी चिरली की पोटातल्या बाळाचा ओठ फाटतो" हे मात्र जगाबद्दलचं विधान आहे. ते तपासता येतं, आणि तपासल्यावर टिकत नाही. ओठ दुभंगण्यामागे आनुवंशिकता, आईचं धूम्रपान, काही औषधं, फोलिक ॲसिडची कमतरता अशी कारणं सापडतात, ग्रहण सापडत नाही. गरोदर बाईची काळजीच घ्यायची असेल तर गर्भ राहण्याआधीपासून पहिले बारा आठवडे रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड चुकवू नका.

ग्रहणावर थोडं थांबू, कारण परदेशातल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 12 ऑगस्ट 2026 चं खग्रास सूर्यग्रहण घ्या. त्या दिवशी आषाढ अमावास्या, म्हणजे आपली दिव्यांची अवस. ग्रहण ऐन भरात असतं तेव्हा बेळगावात रात्रीचे सव्वाअकरा वाजलेले असतात, म्हणजे तिथे ते दिसायचा प्रश्नच नाही. स्पेनच्या उत्तर भागात ते पूर्ण दिसतं. लंडनमध्ये खंडग्रास, पण सूर्याचा नऊ दशांश भाग झाकला जातो, तोही संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला. आता बेळगावहून नणंदेचा फोन येणार, "इथे ग्रहण नाही, तुम्हीपण पाळू नका." पंचांगाचा नियम नेमका उलटा आहे: ग्रहण जिथे दिसतं तिथे पाळायचं, जिथे दिसत नाही तिथे नाही. नियम पाळणाऱ्या आज्जीला त्या दिवशी लंडनचं आकाश मानावं लागतं, बेळगावचं नाही. शिवाय लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांच्यासाठी वेधात सवलत परंपरेनेच ठेवली आहे. पाणी बंद करायचं कारण नाही. आज्जीला जप करत घरात बसायचं असेल तर बसू द्या, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. नातीला मात्र बाहेर जाऊ द्या.

बाहेर जायचं ते असं. सूर्याकडे बघायला आयएसओ 12312-2 या मानकाचे चष्मेच लागतात. गॉगल, एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच यातलं काहीही चालत नाही. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, म्हणून भाजलं तरी त्या क्षणी काही जाणवत नाही आणि नजर गेल्याचं काही तासांनी लक्षात येतं. चष्मा नसला तर बुंदीचा झारा घ्या. सूर्याकडे पाठ करा, झारा उन्हात धरा आणि दीड-दोन मीटरवर पांढरा कागद किंवा फिकट रंगाची भिंत राहील असं बघा. प्रत्येक भोकाखाली एक कोर उमटते, साऱ्या कोरी एकाच दिशेला वळलेल्या. झारा फार जवळ धरला तर नुसती गोल भोकंच दिसतात, कारण सूर्याची प्रतिमा अंतराच्या साधारण एकशेदहाव्या भागाएवढी असते. एका मीटरवर ती जेमतेम नऊ मिलिमीटर भरते. आज्जीला खिडकीतून ही भिंत दिसेल अशी जागा निवडा. सूर्याकडे न बघता ग्रहण बघायला तिचीही हरकत नसते.

संकष्टीचंही तसंच. उपास चंद्रोदयाला सुटतो, आणि तो चंद्रोदय आपण राहतो त्या गावचा. बेळगावात तो नऊ-दहाच्या सुमाराला होतो. लंडनला जूनमध्ये वद्य चतुर्थीचा चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. कालनिर्णयात छापलेली वेळ तिथे उपयोगाची नाही. आपल्या शहराचं नाव घालून काढलेलं पंचांग वापरा. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातल्या अंतराचे बारा अंश. ती जगभर एकाच क्षणी लागते, पण सूर्योदय गावोगावी वेगळा, म्हणून अमेरिकेतली एकादशी कधी कधी भारताच्या आदल्या दिवशी येते. यात कुणी धर्म मोडलेला नसतो. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्या अयनांशात, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा त्या हिशेबात, सुमारे चार अंशांचा फरक आहे, त्यामुळे काही वर्षी त्यांचे सणसुद्धा महिनाभर मागेपुढे होतात. दोन्ही मानणारी घरं एकमेकांकडे फराळाला जातात. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभरातली पंचांगं तपासली आणि 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. मुलगी विचारेल, "म्हणजे धर्मात मोजमाप चालतं?" चालतं. पंचांग उभंच मोजमापावर आहे.

मध्यरात्रीचा उपास मधुमेह असलेल्या माणसाला मात्र झेपेलच असं नाही. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याची साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर जाते. भारतात 70 मिलिग्रॅम म्हणतात तोच आकडा इंग्लंडच्या मशीनवर 3.9 दिसतो. सासऱ्यांना मधुमेह असेल आणि साखर त्याखाली गेली, की चंद्र असो नसो, ताबडतोब अर्धा कप फळांचा रस किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. घाम, थरथर, बोलताना अडखळणं ही खूण आहे. "उपासाने चिडचिड होते" म्हणून ती सोडून देऊ नका. आणि उपास आहे म्हणून साबुदाणा हलका, हा गैरसमजच: तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, वाटीभर खिचडीने साखर उसळते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, आदल्या आठवड्यात डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याने उपास सोडला तर दोष नाही, हे आज्जीला तुम्ही सांगायला नको, तीच सांगेल. फक्त यजमानांनी मध्ये बोलू नये.

आता मुलीचा खरा प्रश्न. विज्ञान कळणारी माणसं देव मानतात का? 1979 चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले अब्दुस सलाम पक्के श्रद्धाळू मुसलमान, स्टीव्हन वाइनबर्ग उघड नास्तिक. दोघे वेगवेगळं काम करत एकाच सिद्धांतापाशी पोहोचले: विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल मुळात एकच. समीकरणाला कुणाची श्रद्धा कळली नाही. दुसरे जॉर्ज लमेत्र. ते कॅथलिक धर्मगुरू. विश्व एका अतिघन आरंभातून पसरलं, ही कल्पना त्यांनी 1931 मध्ये मांडली. पण 1951 मध्ये पोपनी त्या कल्पनेत सृष्टिनिर्मितीचा पुरावा बघितला, तेव्हा लमेत्रना ते रुचलं नाही. माझ्या सिद्धांताला धर्माच्या बाजूने उभं करू नका, असं त्यांचं म्हणणं. आपल्याच बाजूचा सोयीचा पुरावा नाकारणं किती अवघड असतं, ते मुलीला सांगा.

आपल्याकडे नेमकी हीच चूक सर्रास होते. "घंटेच्या नादाने जंतू मरतात", "तुळस रात्रीही प्राणवायू सोडते", "नमस्कारात बोटं दाबली की मेंदू जागा होतो". आठवीतल्या मुलीला प्रकाशसंश्लेषण शिकवलेलं असतं, तुळस अंधारात इतर झाडांसारखीच कार्बन डायऑक्साइड सोडते हे तिला माहीत असतं. एक थाप उघडी पडली की ती मुलगी आरती, यल्लम्मा आणि आज्जी सगळंच एका टोपलीत टाकते. तुळशीला पाणी घालायला कारण लागतच असेल तर "माझी आई घालायची" हे पुरेसं आहे. त्याला कुणी खोटं पाडू शकत नाही.

यल्लम्माचा विषय तेरा वर्षांच्या मुलीपासून लपवू नका. केस धुतले-विंचरले नाहीत की तेल, घाम आणि मळ धरून त्यांचा गुंता होतो, तो घट्ट होत जातो. ही जट. जट आली म्हणजे देवीने बोलावलं असं समजून आपल्याच भागात मुली देवीला सोडल्या गेल्या. जट कापली तर रक्त येतं, घरावर कोप होतो, अशी भीती. केसाला ना रक्तवाहिनी ना संवेदना. कात्रीने टाळूजवळ कापायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, डोकं हलकं होतं आणि मानेचं दुखणं कमी होतं. कार्यकर्त्यांनी अशा जटा सोडवल्या, कोप झाला नाही. मुली देवाला सोडणं कर्नाटकात 1982 च्या कायद्याने गुन्हा ठरलं. आणि तरीही पौर्णिमेला सौंदत्तीचा डोंगर भंडाऱ्याने पिवळा होतोच. रीत कायद्याने बंद झाली, भक्ती राहिली. आज्जीला हे सगळं तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिने आपल्या वाड्यातल्या, गल्लीतल्या बायका पाहिल्या असतील. मुलीने तिलाच विचारावं.

लसींबद्दलही तिलाच विचारा. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आज लोक फिरायला जातात. एकेकाळी तिथे देवीची लस तयार होत असे. रोगाचं नावही देवी आणि देवळातलीही देवी. त्या काळी ही लस जनावराच्या कातडीवर वाढवत, तरी लोकांनी दंडावर टोचून घेतली, आणि देवळात नारळही फोडला. 1975 नंतर भारतात देवीचा रुग्ण झाला नाही. आज्जीच्या दंडावरचा वण नातीला दाखवा. नातीच्या नोंदीही एकदा बघा: ती बेळगावात जन्मली असेल तर सरकारी लसीकरणात नवव्या महिन्यात नुसती गोवरची लस मिळालेली असेल. त्यात रुबेला आणि गालगुंडाची लस नसते आणि पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस परदेशात धरत नाहीत. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्र लस) दोन डोस झालेत का ते दवाखान्यात विचारून घ्या. घरात कांजिण्या आल्याच, तर उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही. ॲस्पिरिन देऊ नका, पॅरासिटामॉल द्या, आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, साधारण पाच दिवस, शाळेत पाठवू नका.

राहता राहिले तुमचे यजमान. "मानत नाहीत" हे उत्तर चुकीचं होतं, आणि चुकीचं आहे हे तपासायची तसदी त्यांनी घेतली नाही. जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी फलज्योतिष कसं तपासलं ते त्यांना सांगा. हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. सत्तावीस जोतिष्यांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका बघून कोणती कुणाची ते सांगायचं. बरोबर आली 46 टक्के, म्हणजे नाणं उडवून मिळालं असतं त्याहून थोडं कमीच. त्यांनी जोतिष्यांना हसण्याऐवजी बोलावलं, अटी आधी ठरवल्या, मग मोजलं. यजमानांना आईची एखादी समजूत खोडायचीच असेल तर हाच मार्ग, आणि तोही पोरीसमोर जेवताना नाही. पत्रिका जुळवताना एक गंमत त्यांनाही ठाऊक नसेल: इंग्लंडात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, तो तास वजा करायचा राहिला की पत्रिकेतलं लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा अंश, साधारण पंधरा अंशांनी सरकतं, आणि सगळी पत्रिकाच दुसऱ्या कुणाची तरी होते.

मत न सोडता शेजार कसा ठेवायचा, हे बेळगावच्या माणसाने लंडनला येऊन शिकायची गरज नाही. 1 नोव्हेंबर 1956 पासून सीमेचा वाद धगधगतो, दर वर्षी काळा दिन पाळला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाजारात कन्नडमध्ये भाव करतो. सूर्यास्ताआधी जेवणारे जैन शेजारी, मोहरममध्ये पंजांपुढे हात जोडणारी हिंदू घरं हे सगळं आज्जीने पाहिलेलं आहे. तिच्याकडून हा भाग ऐकायचा राहिला असेल तर तो आधी ऐका.

मुलगी आरतीला उभी राहायला नको म्हणाली, तर ओढू नका. तबक कुणी धरायचं, घंटा कुणी वाजवायची हे तिला निवडू द्या, किंवा सोफ्यावर बसून ऐकू द्या, फोन मात्र दुसऱ्या खोलीत. आज्जीला हे आरतीच्या आधी सांगून ठेवा, आरती चालू असताना नाही.