दोघंही खुनी, मग फरक काय लिहू?

प्रश्न: एमएला इंग्रज कवी ब्राउनिंगचे दोन ड्रॅमॅटिक मोनोलॉग (एकच पात्र बोलतं अशा कविता) आहेत, ‘माय लास्ट डचेस’ आणि ‘पॉर्फिरियाज लव्हर’. बोलणाऱ्या दोघांची तुलना करायचीय. दोघंही वेडे, दोघांनीही बाईला मारलं, अर्ध्या पानातच माझं संपतं. पुढे काय लिहायचं?

उत्तर: अहो, ‘दोघंही वेडे’ इथेच गाडी अडलीय. हे दोघं ज्या बाईबद्दल बोलतायत तिला जरा बाजूला ठेवा आणि बघा, ते बोलतायत कुणाशी?

‘माय लास्ट डचेस’मध्ये बोलणारा ड्यूक, म्हणजे बडा सरदार. त्याच्यासमोर माणूस बसलाय, दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडून आलेला. त्याला हा आधीच्या बायकोचं चित्र दाखवतो, ती सूर्यास्त बघूनही हसायची, कुणी चेरीची फांदी आणून दिली तरी हसायची, आपल्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाला तिने काही वेगळा मान दिला नाही म्हणतो, आणि मग एका ओळीत, मी हुकूम दिले आणि सगळं हसू एकदम थांबलं. लगेच पुढे हुंडा! हा वेडा वाटतो का तुम्हाला? मला तर पक्का व्यवहारी वाटतो, नव्या बायकोने कसं वागायचं याचा निरोपच देतोय तो, फक्त चित्राच्या आडून.

पॉर्फिरियाचा प्रियकर मात्र कुणाशीच बोलत नाही. बाहेर वादळ, ती येते, शेकोटी पेटवते, त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ठेवते, ती आपलीच आहे असं त्याला त्या क्षणी वाटतं आणि तो तिच्याच सोनेरी केसांनी तिचा गळा आवळतो. तिला काही दुखलं नाही हे तो लागोपाठ दोनदा सांगतो. ऐकायला कुणी नाही तर मग समजावतोय कुणाला? या दुसऱ्या वेळच्या सांगण्यावर एक परिच्छेद सहज होईल. ड्यूक असं काही समजावत बसत नाही, त्याला गरजच नाही.

अजून एक, हे माझं आवडतं. 1842 साली या दोन्ही कविता ब्राउनिंगच्या एकाच संग्रहात आल्या, त्यात प्रियकर ‘मॅडहाऊस सेल्स’ म्हणजे वेड्यांच्या कोठड्या या मथळ्याखाली आहे, ड्यूक नाही. ड्यूक मोकळा, वर परत लग्नाला उभा!

यमकंही बघा. ड्यूकच्या ओळी दोन-दोन जोडीने जुळतात पण वाक्य बरेचदा ओळीच्या शेवटी थांबत नाही म्हणून मोठ्याने वाचताना यमक फारसं जाणवत नाही, गप्पा मारल्यासारखं वाटतं. नुसतं ‘हिरोइक कपलेट’ (अशा जोडीने जुळणाऱ्या ओळींचं नाव) लिहून सोडू नका, हे असं दाखवा.

साम्य लिहायचंच तर खुनाचं नको, पडद्याचं लिहा. चित्रावरचा पडदा माझ्याशिवाय कुणी सरकवत नाही असं ड्यूक म्हणतो, म्हणजे तिचं हसू आता कुणी बघायचं ते हाच ठरवणार. आणि दुसरीकडे प्रियकर पॉर्फिरियाचं डोकं आता स्वतःच्या खांद्यावर टेकवून रात्रभर हलत नाही, म्हणजे तीही आता पूर्ण त्याच्याच ताब्यात.