सोलापुरातल्या जुन्या दगडी इमारतीत वीजबिल कमी कसं करावं? सोलर बसवता येईल का?

सोलर बसतं. पण ते सगळ्यात शेवटी. आधी गच्ची, मग वायरिंग, मग पंखे. हा क्रम कुणी उलटा सांगत असेल तर तो त्याचा माल विकतोय.

खरं तर मी लिहायला बसले ते तुमच्या एका वाक्यामुळे. "दगडी भिंती उन्हाळ्यात भट्टीसारख्या तापतात, त्यांना आतून काही लावून घ्यावं का?" हेच वाक्य आमच्या घरात मी लग्न झाल्यापासून ऐकतेय.

आमची इमारत नवी पेठेत. काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, दोन फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत, आणि त्यावर नंतर कधीतरी घातलेला सिमेंटचा कोबा. वरच्या मजल्यावर जिन्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माझे दीर, खाली भाडेकरू. भाऊजींचं म्हणणं एकच, दगड तापतो. त्यांनी एक कंत्राटदार आणला. त्याने आतून सगळ्या भिंतींना सिमेंटचं प्लास्टर केलं, पीओपीचं छत केलं, वरचे झरोके बुजवले आणि एसी लावून दिला. पहिल्याच पावसाळ्यात प्लास्टरला खार फुटला आणि पोपडे निघाले. चुन्यातल्या भिंतीतली ओल बाहेर पडायला जागा लागते, ती सिमेंटने बंद केली की दुसरं काय होणार? आणि झरोके बुजल्यामुळे एसी बंद केला की खोलीत बसवत नसे.

मी तेव्हाही सांगत होते की दोष भिंतीचा नाही, छताचा आहे. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. मग ऊन पडणार कुठे? गच्चीवर. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत जेमतेम ऊन लागतं. शिवाय दोन फूट दगडातून उष्णता आत यायला कित्येक तास जातात. ती पोहोचते तोवर रात्र झालेली असते आणि बाहेरची हवा उतरलेली असते. म्हणून रात्री खिडक्या-झरोके उघडे ठेवायचे आणि सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायचे. आमच्या सासूबाई हे न शिकवता करायच्या.

आमच्या बाजूला आम्ही कोब्याच्या भेगा भरल्या, चुन्यात फेव्हिकॉल घालून गच्चीला दोन हात मारले, झरोके मोकळे केले आणि भिंतींच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानेच भरून घेतल्या. गच्चीचा चुना दर उन्हाळ्याआधी पुन्हा मारावा लागतो, ते टाळू नका. त्या उन्हाळ्यात सासूबाईंनी आपली खाट भाऊजींच्या एसीच्या खोलीतून आमच्याकडे आणली. मी त्यांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

आता पंखे. जुना पंखा ७५-८० वॅट घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३०-३५. सोलापुरात पंखा दिवसाला पंधरा तास तरी चालतो. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात आणि तीन पंख्यांत साठ. महावितरणचा दर शंभर युनिटच्या पुढे जवळपास दुप्पट होतो, त्यामुळे हे साठ युनिट महागातले वाचतात. वायरिंग लाकडी पट्टीवरची असेल तर ती आधी काढा आणि अर्थिंग नवं करून घ्या. भिंतीत छिन्नीने खाचा मारू देऊ नका, पाइप वरूनच फिरवा.

सोलरचं थोडक्यात: एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या जिना-पंपाच्या सामायिक मीटरला किलोवॅटमागे १८,०००. पॅनेलच्या स्टँडचे पाय थेट माळवदात रोवू नका. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी गर्डर टाका, म्हणजे भार दगडावर जाईल. वजनापेक्षा वळवाच्या वाऱ्याची धास्ती जास्त, तो पॅनेल खालून उचलतो. पॅनेलखाली हवा खेळू द्या, कारण तापलेलं पॅनेल वीज कमी देतं. आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर जितकी नावं आहेत तितक्यांची लेखी संमती कामाआधी घ्या.

एक राहिलं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर खरंच तापते, तिथे बाहेरून तट्ट्या किंवा हिरवी जाळी लावा. पॅनेलच्या सावलीने गच्ची थंड राहते हे भाऊजींचं म्हणणंही बरोबर आहे. भिंत फुगलेली किंवा तुळई वाकलेली दिसत असेल तर मात्र मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

तुमच्याकडेही कुणीतरी "पाडा आणि बिल्डरला द्या" म्हणत असेलच. त्यांना मे महिन्यात दुपारी चार वाजता एखाद्या नव्या इमारतीच्या सर्वात वरच्या फ्लॅटमध्ये नेऊन बसवा, आणि तिथून उठवून आपल्या तळमजल्यावर आणा. भाऊजींना मी हे सांगून पाहिलं, ते आले नाहीत. पाडायच्या कागदावर आमच्या बाजूची सही मिळणार नाही, हे मात्र त्यांना पक्कं माहीत आहे.