काका, गणाचं तिकीट घेऊ का सोडू?

प्रश्न : काका नमस्कार, मी दारव्हा तालुक्यातला, वय २८, घरी पाच एकर कोरडवाहू, कापूस-तूर. तीन वर्षं झाली, आम्ही गावातले आठ-दहा पोरं मिळून काम करून राहिलो, रोजगार हमीचे मस्टर पाहिले, गावच्या रस्त्याची आरटीआय टाकली (गिट्टी हातानं उखडते काका, दोन गाड्या घसरल्या), आणि ठरवलं होतं की झेडपी लागली की आपल्यातला एक गटात, म्हणजे झेडपीच्या जागेवर, उभा करायचा, पैसा वाटायचा नाही, मटणाच्या पंगती द्यायच्या नाही. पक्षाच्या मुलाखतीला गेलो तर पाच मिनिटं, आणि पहिलाच प्रश्न, खर्च किती करशील. मग परवा भाऊसाहेबांनी घरी बोलावलं, सोफ्यावर बाजूले बसवलं, खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाले, गटात आपल्या ठेकेदाराले देऊन राहिलो, तू गणात, म्हणजे पंचायत समितीले, उभा राय, एबी फॉर्म, पक्षाच्या तिकिटाचा कागद, माह्या खिशात हाये समज, फक्त ते रस्त्याच्या आरटीआयचं अपील तेवढं मागं घे. ठेकेदार म्हणजे तोच, रस्तावाला. मित्र म्हणतात तू विकला गेला, आई म्हणते मिळून राहिलं तर घे. अमेरिकेत म्हणे प्रायमरी असते, तिथं तिकीट कोणाले द्यायचं ते लोकच ठरवतात. आपल्याकडे तसं असतं तर हा बाजार करावा लागला नसता ना?
– एक कार्यकर्ता

उत्तर : अरे बाप्पा, एका पत्रात किती कोंबलंस. आधी अमेरिकेचं उरकतो, कारण तुझी खरी गोची तिथंच सापडते.

प्रायमरी म्हणजे पक्षाच्या आतलीच निवडणूक, एकेका राज्यात मतदार मत देऊन उमेदवार ठरवतात. २०१६ ला राष्ट्राध्यक्षपदाच्या तिकिटासाठी डेमोक्रॅटिक पक्षात हिलरी क्लिंटन आणि बर्नी सँडर्स अशी लागली होती. बर्नी म्हणजे तुमच्याच जातकुळीतला, बड्यांचा पैसा नको, बारकी वर्गणी घ्या, सरासरी २७ डॉलर हा आकडा तर सभेत तो आरतीसारखा म्हणायचा. आणि त्या प्रचारात त्यानं हिलरीच्या मागं एकच लावलं होतं की वॉल स्ट्रीटच्या बँकांपुढे पैसे घेऊन जी भाषणं दिली त्याचे कागद दाखव, म्हणजे पाह्य, तुझी आरटीआयच ती. आयोवात अगदी थोडक्यात गेला, न्यू हॅम्पशायर ६० टक्के मतं घेऊन मारलं, २२ राज्यं जिंकली आणि शेवटी हरला. हरल्यावर १२ जुलैला त्याच न्यू हॅम्पशायरमध्ये हिलरीच्या बाजूला उभा राहून पाठिंबा देऊन मोकळा. दोन आठवड्यांनी फिलाडेल्फियाच्या अधिवेशनात आपल्याच प्रतिनिधींना म्हणाला आता हिलरीला निवडून आणा, तर त्याच्याच पोरांनी हुर्यो उडवली. तेव्हा बाजार तिथंही आहे आणि विकला गेला म्हणणारे मित्रही तिथं आहेत.

फरक आहे तो वेळेचा. त्यानं आधी मोजून घेतलं, सव्वा कोटीच्या वर मतं पदरात पडली आणि मग बोलणीला बसला. तू मोजणीच्या आधीच सोफ्यावर बसलास. आपल्याकडे प्रायमरी नाही म्हणून लोकांच्या मताच्या जागी भाऊसाहेबांचा अंदाज चालतो, आणि त्यांचा अंदाज झालाय बरं का, उगाच कोणी खांद्यावर हात ठेवत नाही. तुझ्यामागं तीनशे लोक आहेत का तीन हजार हे फक्त तुलाच माहीत नाही.

आता त्याला मिळालं काय तेही बघ. किमान मजुरी तासाला १५ डॉलर, हे त्यानं पक्षाच्या जाहीरनाम्यात घालून घेतलं, टाळ्या पडल्या, पण देशाचा दर २००९ ला सव्वासात डॉलर झाला तो त्यानंतरही तिथंच अडकून बसला. दुसरी मागणी रुक्ष होती. पक्षाच्या पुढाऱ्यांना, सुपरडेलिगेट म्हणतात त्यांना, उमेदवार निवडताना आपलं मत आपल्या मर्जीनं टाकता यायचं, असे सातशेच्या वर होते. तो नियम २०१८ ला बदलला आणि पहिल्या फेरीतलं त्यांचं वजन गेलं. म्हणजे वचन अडकलं, नियम मात्र बदलला. म्हणून सांगतो, भाऊसाहेबांकडून वचन मागू नको. गावात पाणी आणू, रस्ता नवा करू, असली वचनं तुझ्या आजानंही ऐकली असतील. मागायचंच तर हे माग की गणातल्या प्रत्येक कामाचं अंदाजपत्रक आणि एमबीची, म्हणजे काम मोजल्याच्या वहीची, झेरॉक्स ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागेल, आणि पहिली झेरॉक्स तुझ्या गावच्या रस्त्याची. मग त्यांचा चेहरा बघून ये.

आणि अपील मागं घ्यायचं नाही. यात चर्चा नाही. पहिल्या अपिलात नाही मिळालं तर दुसरं ९० दिवसांच्या आत अमरावतीच्या खंडपीठाकडे. आपण मागं घेऊ आणि मग दुसऱ्या पोराच्या नावानं नवा अर्ज टाकू ही आयडिया तुला सुचली असेलच, नको करू, ती भाऊसाहेबांनाही सुचते.

पंगतीचं मात्र तू पुरतं पाहिलेलं दिसत नाही. एका गटात दोन गण, मतदार दोन मतं देतो, एक गटाला एक गणाला, म्हणजे बॅनर एक, जीप एक, भोंगा एक. बॅनरवर ठेकेदार मोठा हात जोडून आणि तू खाली कोपऱ्यात. मटण तो शिजवेल आणि पत्रावळीवर पडेल ते तुझ्याही नावानं, तू रुपया न काढता. मग पारावर बसून मी तर वाटलं नाही म्हणत बस, कोण ऐकते!

मी स्वतः शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून फिरलेला माणूस आहे. आमचे नेते शरद जोशी २००४ ला शिवसेना-भाजप युतीच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले तेव्हा आमच्या घरात दोन दिवस मी आणि मोठे भाऊ बोललो नव्हतो, ते म्हणायचे साहेबांनी बरं केलं, मी म्हणायचो बिल्ला काढून ठेवा. पुढं २०१० ला महिला आरक्षणाचं बिल राज्यसभेत १८६ विरुद्ध १ नं पास झालं, आणि तो १ म्हणजे साहेब. मला ते मत अजूनही पटत नाही, चांदवडला बायांचा एवढा मोठा मेळावा घेणारा माणूस असं कसं करतो, पण पाठिंबा घेऊन गेलेल्या माणसाचं मत पाठिंबा देणाऱ्यांच्या खिशात गेलेलं नव्हतं एवढं मला त्या दिवशी कबूल करावं लागलं. भावाला मात्र अजून सांगितलेलं नाही.

तर तुझी प्रायमरी तूच घे. गणातल्या प्रत्येक गावात पारावर बस, भाऊसाहेब काय म्हणाले ते अपिलासकट सगळं सांग, आणि ज्वारीच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायला सांग, गणात उभा राहू का नको. हात वर करायला लावू नको, ठेकेदाराचे मजूर असतात गावोगाव. लोक हो म्हणाले तर त्या आकड्यासकट परत सोफ्यावर जा आणि सांग, गण घेतो, अपील चालू राहील, बॅनर वेगळा. नाही म्हणाले भाऊसाहेब, तर अपक्ष. चारशे मतं पडली तरी पुढल्या खेपेला आकडा हातात राहील.

मित्रांना चिठ्ठ्या मोजायला बसव, घरी बसून विकला गेला म्हणण्यापेक्षा ते बरं. आणि आई चुकीचं बोलत नाहीये, तिनं फक्त अपिलाची अट ऐकलेली नसेल, सांगितलीस का तिला?

एक राहिलंच. एबी फॉर्म शेवटच्या दिवशी तीनच्या आत टेबलावर पोचावा लागतो आणि ही मंडळी तो पावणेतीनला गाडीतून काढतात, कधी कधी दुसऱ्याच्याच नावाचा निघतो, मी तहसीलच्या आवारात उभं राहून पाहिलंय. अपक्षाचा अर्ज सूचकाच्या सहीसकट आदल्या दिवशीच भरून टाक.