आपला आमदार मोठ्या धोरणांवर नेमका कोणत्या बाजूला आहे, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की आरक्षण, पाणी, शेतमालाचे भाव, शाळांची फी यांवर आमच्या आमदाराचं खरं मत कुठे सापडेल, कारण सभेत तर सगळेच सगळ्यांच्या बाजूने बोलतात. मी काही वर्षं एका आमदारांसाठी विधानसभेचे प्रश्न आणि लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणाऱ्या सूचना) लिहून द्यायचं काम केलंय. त्या कामातून जे कळलं तेवढं सांगतो. महाराष्ट्रापुरतंच बोलतोय.

आधी एक आशा सोडून द्या. कोणत्या विधेयकावर आमदाराने काय मत दिलं हे शोधायला गेलात तर हाती फारसं काही लागत नाही. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने संमत होतात. मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी, मागितलं तरच कोण कुठे होतं याची नोंद होते, आणि ते क्वचितच मागितलं जातं. त्यात १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आली. पक्षादेश मोडून मत दिलं किंवा मतदानाला गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत ते माफ केलं नाही, तर आमदारकीच जाऊ शकते. म्हणजे मत दिलं तरी ते पक्षाचं. मराठा आरक्षणाचंच घ्या. २०१८ मध्ये विधेयक एकमताने संमत झालं. सर्वोच्च न्यायालयाने ते आरक्षण २०२१ मध्ये रद्द केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहा टक्क्यांचं नवं विधेयक आलं, तेही एकमताने. तुमच्या आमदाराला मनातून काय वाटत होतं, ते या दोन्ही दिवसांच्या नोंदींवरून अजिबात कळत नाही.

अपवाद असतात आणि ते लक्षात राहतात. जुलै २०२५ मध्ये कडव्या डाव्या संघटनांवर कारवाईसाठीचं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आलं तेव्हा स्पष्ट विरोध नोंदवला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी. त्यांच्या पक्षाचे सभागृहात ते एकटेच. बाकीच्या विरोधकांचा आवाज वाढला तो दुसऱ्या दिवशी, विधान परिषदेत, आणि तिथे त्यांनी सभात्याग केला. त्या कायद्याबद्दल तुमचं मत काहीही असो, कोण कधी बोललं आणि कधी गप्प बसलं हा क्रम नीट पाहा.

पण खरा माल प्रश्नोत्तरांत असतो. तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या प्रश्नाचा, साचा ठरलेला: ‘अमुक ठिकाणी तमुक झाले, हे खरे आहे काय?’ खाली मंत्र्यांचं छापील उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे’, नाहीतर ‘प्रश्न उद्भवत नाही’. हे वाचून कंटाळू नका. उत्तरापेक्षा प्रश्न वाचा. एका प्रश्नाखाली दहा-पंधरा आमदारांची नावं असतात. त्यातल्या कित्येकांनी तो प्रश्न नीट वाचलेलाही नसतो. मसुदा आमच्यासारखे लोक करतात, सह्या गोळा होतात. म्हणून नाव आहे एवढ्यावर जाऊ नका. सभागृहात उठून उपप्रश्न कोणी विचारला ते कार्यवाहीत, म्हणजे सभागृहातल्या बोलण्याच्या छापील नोंदीत, पाहा. उपप्रश्न तिथल्या तिथे सुचावा लागतो, मंत्र्यांनी बगल दिली की पुन्हा अडवावं लागतं. ज्याला विषयाचं काहीच नाही तो एक वाक्य बोलून खाली बसतो. ज्याला आहे तो ‘मग निधी कधी देणार, तारीख सांगा’ इथपर्यंत पोचतो. प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कार्यवाही विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात, आणि कामकाजाचं थेट प्रक्षेपणही होतं.

एकाच अधिवेशनावरून निष्कर्ष काढू नका. मुंबईतली अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपूरचं हिवाळी, अशी दोन-तीन वर्षांची अधिवेशनं एकत्र पाहा. तोच विषय पुन्हा पुन्हा येतोय का, विशेषतः आपलंच सरकार असताना येतोय का? विरोधी बाकांवर असताना ओला दुष्काळ मागणं सोपं असतं. सत्तेत आल्यावर तीच मागणी गळून पडते. मला विचाराल तर भूमिका तपासायची याहून चांगली जागा नाही. सांगोल्याचे शेकापचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. दुष्काळी भागाला पाणी, हा त्यांचा विषय सरकारं बदलली म्हणून बदलला नाही. त्यांची भूमिका काय, हे कोणाला शोधावं लागलं नाही.

अशासकीय विधेयकंही बघा, म्हणजे मंत्र्यांनी नाही तर एखाद्या आमदाराने स्वतः मांडलेली. ती संमत होणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे कोणी त्यावर मेहनत घेतली असेल तर विषय मनापासूनचा आहे असं धरायला हरकत नाही. समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांनी आमदार असताना गर्भलिंग चाचण्यांविरुद्ध असं विधेयक आणलं होतं. बाहेर महिला संघटनांचा रेटा होताच. १९८८ मध्ये राज्याने कायदा केला, केंद्राचा कायदा त्यानंतर १९९४ मध्ये आला.

आणि उमेदवारी अर्जासोबतचं शपथपत्र. ते लोक गुन्हे आणि संपत्तीसाठी उघडतात, धोरणासाठी कोणी बघत नाही. आमदार किंवा त्यांचे घरचे साखर कारखाना चालवत असतील, तर उसाच्या थकीत एफआरपीवर (कारखान्याने शेतकऱ्याला द्यायच्या किमान दरावर) ते किती बोलतात हे जरूर मोजा. शिक्षणसंस्था असेल तर फीवर. सगळं शपथपत्रात असेलच असं नाही, पण मतदारसंघातल्या कोणालाही ते माहीत असतं. कित्येकदा आमदाराची भूमिका तो ज्या विषयावर बोलतच नाही तिथे कळते.

मुंबईत राहत असाल तर प्रजा फाउंडेशन तिथल्या आमदारांची हजेरी आणि प्रश्नांचं प्रगतिपुस्तक काढतं. सुरुवात करायला ठीक. पण प्रश्नांची संख्या म्हणजे भूमिका नव्हे. पन्नास प्रश्न टाकणारा आमदार पन्नासही ठिकाणी काहीच न म्हणता सुटू शकतो.

आमदारांना समोरासमोर गाठणार असाल तर ‘शेतकऱ्यांसाठी काय करणार’ असं विचारू नका. आपल्या भागातला एक अडलेला निर्णय घ्या आणि त्यावर लक्षवेधी लावणार का, कोणत्या अधिवेशनात, हे विचारा. रस्ता आणि सभामंडप आमदार निधीतून होतात, ते पुढे केले तर नम्रपणे मूळ विषयावर या. आमदार मंत्री असतील तर हे सगळं जरा बाजूला ठेवा, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. त्यांच्यासाठी त्यांच्या खात्याचे शासन निर्णय, म्हणजे सरकारचे लेखी आदेश, वाचा. तेही संकेतस्थळावर असतात, आणि सभेतल्या भाषणापेक्षा पुष्कळ स्पष्ट बोलतात.