पहिली निधी राइड आहे? मग एवढंच करा

निधी राइड म्हणजे एखाद्या संस्थेसाठी ओळखीच्यांकडून देणग्या गोळा करून केलेली सायकल राइड. तिच्या पन्नास किलोमीटरसाठी तुमची साधी गिअरची सायकल पुरे आहे. नवी मुळीच घेऊ नका.

आधी सीटची उंची बघा. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून राइड सोडलेले जितके नवखे मी पाहिले, त्यातल्या बहुतेकांची सीट फार खाली होती.

दर रविवारी पाच-सात किलोमीटर वाढवत न्या. चाळीस आरामात झाले, की पन्नास होतातच. पुण्यात असाल तर एकदा कात्रजचा जुना घाट हलक्या गिअरवर, दम राखून चढून या.

हमखास होणाऱ्या चुका:

- सुरुवातीलाच पुढच्यांच्या मागे पळणं. पहिले दहा किलोमीटर गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने.
- तहान लागेपर्यंत पाणी न पिणं. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्या.
- घोळक्यात अचानक ब्रेक मारणं. आधी ओरडून सांगा.
- त्याच दिवशी नवे बूट घालणं.

आता पैशांचं. हे लोक शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, आणि तिथेच फसतात. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून भागत नाही. महिनाभर आधीपासून एकेकाला फोन करा, पैसा कशासाठी लागतोय ते दोन वाक्यांत सांगा. रक्कम थेट संस्थेच्या खात्यातच जाऊ द्या, तुमच्या नको. आणि २,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवा.