न्यू जर्सीत घर घेतल्यावर लपलेला दोष सापडला तर

अरे, आधी शांत हो, आणि मागच्या अंगणात जमिनीत पुरलेला ऑइल टँक (घर गरम ठेवायच्या तेलाची जुनी टाकी) निघालाय म्हणून लगेच कॉन्ट्रॅक्टर बोलावून खणायला लावू नकोस, आधी फोटो काढ, व्हिडिओ काढ, तारीख दिसू दे, आणि टँक काढणाऱ्या लायसन्सवाल्या कंपनीकडून लेखी रिपोर्ट घे, कारण उद्या प्रकरण वकिलाकडे गेलं तर तोच कामाला येतो. गळती निघाली तर राज्याच्या पर्यावरण खात्याला लगेच कळवावंच लागतं, ते टाळू नकोस.

मग विक्रेत्याने भरलेला डिस्क्लोजर फॉर्म, म्हणजे घरातले माहीत असलेले दोष लिहून दिलेला कागद, काढून नीट वाच. इथे सगळा मुद्दा एकच, त्याला माहीत होतं का? माहीत असून लपवलं असेल तर तुझी बाजू भक्कम. न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाने 1974 मध्येच वाइनट्रॉब केसमध्ये हे मानलंय, तिथे तर घरात झुरळं निघाली होती! त्यामुळे शेजाऱ्यांशी बोल, टाउनशिपमधून (गावाच्या स्थानिक कार्यालयातून) जुन्या परमिट्सची माहिती माग. फसवणुकीच्या दाव्याला साधारण 6 वर्षं मिळतात, पण म्हणून बसून राहू नकोस, वकील याच आठवड्यात गाठ. होम इन्शुरन्सवर फार भिस्त नको, प्रदूषण बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेलं असतं, तरी विचार नक्की.

खरेदीआधी घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला दोष देण्याआधी त्याच्याशी झालेला करार बघ, साधं इन्स्पेक्शन दिसतं तेवढंच तपासतं. टँक स्वीप (पुरलेली टाकी यंत्राने शोधणं), सीवर लाइनची (सांडपाण्याच्या पाइपची) कॅमेऱ्याने तपासणी, रेडॉन (जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट हे वेगळे पैसे देऊन करायचे असतात. रेडॉन टेस्ट अजून केली नसशील तर आत्ता कर, प्रमाण हवेच्या लिटरमागे 4 पिकोक्युरीच्या (किरणोत्सार मोजायचं एकक) वर आलं तर बेसमेंटमध्ये पाइप आणि फॅन बसवून घे, घरात लहान मुलं आहेत तुझ्या.