गच्चीवरची शेड: कोटेशन चौरस फुटाचं नको, किलोचं मागा

प्रश्न : आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर 9 मीटर × 18 मीटरची पत्र्याची शेड करायची आहे. फॅब्रिकेटर चौरस फुटाचा भाव सांगतात, दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आहे. खरा अंदाज कसा काढायचा?
– सोसायटीच्या सचिव, ऐरोली

उत्तर : आधी ‘कोणते चौरस फूट’ ते विचारा. गच्चीचं क्षेत्रफळ 162 चौ.मी., म्हणजे 1,744 चौ. फूट. पण उतार आणि बाहेर काढलेला पत्रा धरला तर तेच 2,066 होतं. एकाने जमिनीवरचं माप धरलं आणि दुसऱ्याने पत्र्याचं, तर दर सारखा असूनही बिलात 18 टक्क्यांचा फरक पडतो.

आता हिशोब. 9 मीटर रुंदीला मध्ये 1.2 मीटर उंची दिली की उतार साधारण 15 अंश येतो. तिरकी बाजू 4.66 मीटर, अधिक अर्धा मीटर पागोळी (खांबाबाहेर काढलेला पत्रा), म्हणजे 5.16. दर 3.6 मीटरवर एक ट्रस (छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट) धरला तर 18 मीटरला ट्रस सहा लागतात. दोन ट्रसमधले गाळे पाच असतात म्हणून पाचच ट्रस मोजण्याची चूक सर्रास होते.

चौकोनी पाइपचं मीटरचं वजन असं काढा : 2 × जाडी × (रुंदी + उंची − 2 × जाडी) × 0.00785. मापं सगळी मिलिमीटरमध्ये, उत्तर किलोत. 50×50×3 चा पाइप 4.43 किलो, 40×40×2.5 चा 2.94 आणि 80×40×3 चा 5.37 किलो भरतो. एका ट्रसच्या वरच्या दोन तिरक्या आणि खालच्या आडव्या पट्टीला मिळून 19.3 मीटर 50×50 आणि आतल्या उभ्या-तिरक्या काड्यांना 12.6 मीटर 40×40 लागतो. वजन झालं सुमारे 122 किलो. प्लेट, क्लीट (जोडणीचे छोटे तुकडे) आणि वेल्डिंगचे पाच टक्के धरून सहा ट्रसचे 770 किलो. पर्लिन (ट्रसवर आडवे टाकलेले, पत्रा पेलणारे 80×40 पाइप) प्रत्येक बाजूला सहा, एकूण बारा ओळी, दोन्ही टोकांना 30 सें.मी. बाहेर काढून 18.6 मीटर लांब : 1,200 किलो. बारा खांब (80×80×4, उंची 2.4 मीटर) 275 किलो, तळाच्या 250×250×10 प्लेटा 59, ब्रेसिंग (चौकट डुलू नये म्हणून लावलेले तिरके आधार) अंदाजे 100. एकूण सुमारे 2,400 किलो. लोखंडाचं निम्मं वजन पर्लिनमध्ये आहे, हे बहुतेक कोटेशनमध्ये दिसतच नाही.

समजा तयार कामाचा दर किलोला 100 रुपये ठरला, तर लोखंडाचे 2.4 लाख. पत्रा 192 चौ.मी., 1 मीटर कव्हरचे (बसवल्यावर 1 मीटर रुंदी झाकणारे) 38 नग, पागोळीपासून रिजपर्यंत (छपराच्या माथ्यापर्यंत) एकसंध. स्क्रू चौरस मीटरला सहा धरून 1,150, वर थोडे जादा. जीएसटी वेगळा.

पाइप 6 मीटरचे येतात. तीन पाइपांत ट्रसच्या दोन खालच्या पट्ट्या बसतात आणि वरच्या पट्ट्यांतून उरलेले 84 सें.मी.चे तुकडे छोट्या काड्यांना लागतात. जोड मात्र पट्टीच्या मधोमध येऊ देऊ नका.

फसवणूक होते ती जाडीत. 3 ऐवजी 2 मि.मी.चा 50×50 पाइप लावला तर वजन तिसऱ्या भागाने घटतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही. गाडीतून माल उतरण्याआधी कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, वजनकाट्याची पावती घ्या.

आणि वाऱ्याचा विचार सोडू नका. मुंबई परिसरासाठी आयएस 875 या भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर आहे. त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे 118 किलो, तर छपराचं स्वतःचं वजन जेमतेम 15. म्हणजे धोका छप्पर खाली बसण्याचा कमी, उडण्याचा जास्त. खांब स्लॅबवर कुठेही नको, खालच्या आरसीसी कॉलम-बीमच्या डोक्यावरच घ्या. बोल्टमुळे वॉटरप्रूफिंग फुटतं, ते त्याच दिवशी बंद करून घ्या. आकडे अंदाजाचे आहेत. अंतिम मापं स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून, महापालिकेची परवानगी हातात आल्यावरच काम सुरू करा.

प्रश्न : पर्लिन कमी करून पैसे वाचतील का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : नाही. 0.5 मि.मी. पत्र्याला दीड मीटरच्या आतच आधार हवा. शिवाय पर्लिन काड्यांच्या जोडावर बसली पाहिजे. ती दोन जोडांच्या मध्ये आली की वरचा पाइप वाकतो, मग तो जाड घ्यावा लागतो आणि वाचवलेलं लोखंड तिथेच परत जातं.